देवाची भूकच लागत नाही, तेव्हा

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही साताऱ्याच्या, नोकरी करता, दोन शाळकरी मुलं, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. रविवारची उपासना चुकवत नाही, गायनमंडळात गाता. आणि तरी तुम्ही लिहिलंय, "सगळं करते, पण देव हवासा वाटत नाही. शेजारची बाई प्रार्थनेत रडते तेव्हा मी घड्याळ बघत असते. ही ओढ वाढते कशी? आणि तोवर गायनमंडळ सोडून देऊ का? नाहीतर हे ढोंगच झालं."

मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. मिरजेत इस्पितळात ३४ वर्षं सिस्टर होते, त्यातली निम्म्याहून जास्त लहान मुलांच्या वॉर्डात. आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायकांची गुरुवारची प्रार्थनासभा गेली २५ वर्षं सांभाळते आहे. हा प्रश्न त्या सभेत कुणी उघड विचारत नाही. सभा संपली की चपला शोधता शोधता, इकडेतिकडे बघत विचारतात. तुम्ही तो सरळ लिहून टाकलात, बरं केलंत.

आधी एक गोष्ट बाजूला करू. 'माझं देवावर प्रेमच नाही' असं तुम्ही जवळजवळ ठरवून टाकलेलं दिसतं. मला तसं वाटत नाही. तुम्हाला भूक लागत नाहीये, एवढंच. भूक नसणं वेगळं आणि गरज नसणं वेगळं. हे मी वॉर्डात शिकले.

वीसेक वर्षांपूर्वी, ऊसतोडीच्या हंगामात, एक बाई १४ महिन्यांची मुलगी घेऊन आली. वजन ५ किलो. आली होती जुलाबासाठी. खाते का नीट, असं विचारलं तर म्हणाली, "लई गुणाची हाय. रडत न्हाई, मागत न्हाई. फडात झोळीत टाकली की पडून ऱ्हाती." तीव्र कुपोषणात असंच होतं. मूल आधी भुकेनं रडतं, मग रडायची ताकद जाते, मग भूकच मरते. तोंडाशी वाटी नेली तर मान फिरवतं. बघणाऱ्याला वाटतं, पोट भरलंय.

अशा मुलाला दूध, साखर आणि तेलाचं पातळ मिश्रण मोजून देतात. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीसुद्धा. ५ किलोच्या मुलीला एका वेळी ५५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम चार मोठे चमचे. एकदम पोटभर द्यायचं नाही. उपाशी शरीराला ते झेपत नाही, जिवावर बेततं. आणि भूक लागायची वाट बघत बसायचं नाही. भूक मेलीय म्हणूनच तर ठरल्या वेळी पाजायचं.

रात्री ३ वाजता तिला मांडीवर घेऊन मी चमच्यानं पाजायची. निम्मं ओघळायचं. पुसायचं, किती गेलं आणि किती सांडलं ते तक्त्यावर लिहायचं, ५ वाजता पुन्हा तेच. चौथ्या रात्री चमचा तोंडाशी नेला आणि तिनं वाटीची कड धरली. बोटं काडीसारखी, पण सोडेना. मी वाटी मागं घेतली तर रडली. ड्यूटीवरच्या आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. वजन अजून काटाभरही वाढलेलं नव्हतं, पण भूक परत आली की मूल मार्गाला लागलं, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक असतं.

आमच्या मंडळ्यांमध्ये अशी 'गुणी' माणसं पुष्कळ आहेत, ताई. वर्गणी वेळेवर, उपासनेला हजर, तक्रार नाही, मागणं नाही. कुणाला त्यांची काळजी वाटत नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, लावदिकीया शहराच्या मंडळीला जो कडक निरोप आहे तो त्यांच्या कोमटपणाबद्दल आहे, आणि त्या कोमटपणाची खूण काय, तर 'मला कशाची उणीव नाही' असं त्यांना वाटत होतं. तुम्ही तर उणीव आहे म्हणून परक्या बाईला पानभर लिहिलंत. रडणारं मूल आहात तुम्ही. वॉर्डात आम्हाला रडणाऱ्याची चिंता कमीच असायची.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण तुमचं घर मी पाहिलेलं नाही.

पहिलं, शरीर. हसू नका. तुम्ही लिहिलंय की हल्ली कशातच रस वाटत नाही आणि सकाळी उठवत नाही. हे फक्त देवाच्या बाबतीत आहे, की मुलांशी खेळणं, गाणं, स्वयंपाक, सगळ्याच बाबतीत? सगळ्याच बाबतीत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासून घ्या. आणि दोन आठवड्यांच्या वर मन सतत खाली असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जा, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे. मी अशा बायका पाहिल्यात ज्यांना 'विश्वास कमी पडतोय, जास्त प्रार्थना कर' असं सांगून घरच्यांनी वर्षभर घालवलं, आणि औषध सुरू झाल्यावर त्यांचं गाणंही परत आलं. बायबलमधला संदेष्टा एलिया रोतेम झाडाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. डोंगरावर देवाचा तो मंद वाणीचा आवाज नंतर आला.

दुसरं, कुणाशी मोडलंय का. सख्ख्या बहिणीशी जमिनीवरून बोलणं बंद आहे आणि प्रार्थना मात्र रुचत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी दुसरं काही सांगतच नाही. वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे. तिसरं, दुःख. घरात कुणी गेलं असेल तर वर्ष-दोन वर्षं बधिरपणात जातात. त्याला घाई करू नये. चौथं, मंडळीतच कुणी दुखावलं असेल. तसं असेल तर तुमचं मन देवावर रुसलेलं नसून त्या बाकांवर रुसलेलं असू शकतं. त्याचं उत्तर वेगळं आहे, आणि ते इथं चारचौघांत लिहायचं नाही.

यांतलं काही नाही, नुसतीच भूक मेलीय, असं धरून पुढचं लिहिते.

भूक मारणाऱ्या गोष्टी आधी बघा. ओपीडीत आया म्हणायच्या, "सिस्टर, जेवतच नाही हो." मग विचारावं, सकाळपासून काय दिलं? चहा-बिस्किट, दहाला कुरकुरे, बाराला पुन्हा चहा. मग ते भाकरी कशाला मागेल? आता तुम्ही म्हणाल, मोबाइलबद्दल सांगणार. हो, तो आहेच. पण माझ्या मते त्याहून गोड बिस्किट दुसरंच आहे. सकाळी उठल्याबरोबर व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या फोटोवर वचन येतं. आपण हात जोडल्याचं चिन्ह टाकतो, पुढं ढकलतो. असे आठ-दहा येतात. माझे मी मोजले, एका दिवशी १४ निघाले. त्यातलं एकही दुपारी आठवलं नाही. पण 'वचन झालं' असं मनाला वाटून गेलं होतं, आणि बायबल दिवसभर कपाटावर. मी त्या ग्रुपची नावं घेत नाही, निम्मे माझ्याच बहिणींचे आहेत. सगळे म्यूट केले. चार दिवस चुकल्यासारखं वाटलं, मग सकाळ मोकळी झाली.

आता पाजायचं किती? इथं बहुतेकांची चूक होते. संजीवन सभा होते, तीन दिवस भरपूर गाणं, रडणं, आणि माणूस ठरवून घरी येतो की उद्यापासून पहाटे ४ ला उठून दोन तास प्रार्थना. आठव्या दिवशी सगळं बंद, वर अपराधीपणा. उपाशी मुलाला एकदम पंगतीत बसवल्यासारखं आहे हे. तुम्हाला मी ५५ मिलिलिटर सांगेन. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं. वेळा घड्याळाच्या ठेवू नका, कामाच्या ठेवा. कुकर लावला की, एसटीत किंवा गाडीवर बसण्याआधी, रात्री दार लावून कडी घातली की. एक ओळ वाचायची किंवा आठवायची, एक वाक्य देवाशी बोलायचं, पुढचं काम. लहान वहीत खूण करा, आम्ही तक्त्यावर करायचो तशी. सांडलं तर सांडलं असंही लिहा. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. मुलांच्या वॉर्डातही दुप्पट पाजून भरपाई करत नाहीत.

ओळ कुठली? मी बहुतेकांना बायबलमधल्या ४२ व्या स्तोत्रावर बसवते. हरिणी पाण्यासाठी लुलपते तसा माझा जीव, हे आपल्याला गाण्यामुळं पाठ असतं, म्हणून वाटतं की ते मोठ्या भक्तीच्या माणसाचं स्तोत्र आहे. सबंध वाचा. तो माणूस यरुशलेमेपासून लांब, यार्देनेच्या आणि हर्मोनाच्या मुलखात आहे. रात्रंदिवस आसवं हेच त्याचं अन्न. लोक विचारतात, कुठंय तुझा देव? पूर्वी घोळक्यानं मंदिरात जायचो, ते दिवस आठवून तो हळहळतो. आणि मग स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू असा खचलास का? पुढचं ४३ वं स्तोत्र धरलं तर हा प्रश्न तो तीनदा विचारतो. एकदा विचारून काम झालं नाही त्याचं. हरिणीचं लुलपणं म्हणजे कोरड पडलेल्या घशाचा आवाज आहे, ताई. त्यात गोडवा शोधू नका. तुमचं पत्र मला त्याच जातीचं वाटलं.

एक वाक्य बोलायचं, ते घरच्या भाषेत बोला. याबद्दल मी जरा हट्टी आहे. आमच्याकडे प्रार्थनेला डोळे मिटले की बायकांचा आवाजच बदलतो. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकारस्मरण करितो." घरात कुणी 'करितो' म्हणतं का? उपासनेत ते शोभतं, मला आवडतंही. पण एकटीनं कुकरसमोर उभं राहून ते बोलायला लागलात तर बोलणारी तुम्ही नसता. "बाबा, आज मला तुझ्याशी बोलावंसंच वाटत नाहीये" ही पुरी प्रार्थना आहे. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप असाच बोलला होता, विश्वास आहे, पण अविश्वासाचं तूच बघ. येशूनं त्याला परत पाठवलं नाही, मुलगा बरा केला.

तुम्ही साताऱ्याच्या आहात म्हणून सांगते. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी मिशनची नोकरी सोडली आणि तुमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर जीव असलेले सगळे त्यात यावेत असा बेत होता. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते म्हणत. त्यांनी आपल्या लोकांना अभंग दिले, भजन-कीर्तन दिलं, कारण मराठी माणसाचा जीव ज्या बोलीत ओढ घेतो ती बोली त्यांना ठाऊक होती. इंग्रजी चालीवरच्या गीतांनी तुमचं मन हलत नसेल तर घरी टाळ घेऊन एखादं जुनं ख्रिस्ती भजन म्हणून बघा. मुलंही येऊन बसतील.

तुकोबांवरून आठवलं. आमच्या वॉर्डातल्या एक मावशी दरवर्षी गावच्या दिंडीबरोबर पंढरपूरला चालत जायच्या. एकदा मी विचारलं, एवढी ओढ कुठनं आणता? त्या लादी पुसत होत्या, फडकं पिळत म्हणाल्या, "पहिल्या सालाला सासूनं धाडलं म्हणून गेले. दुसऱ्या सालाला शेजारणीनं वढलं. तिसऱ्या सालाला पायच ऱ्हाइनात." आमच्या धर्मात यावर व्याख्यानं झाली असती. मावशी बादली उचलून गेल्या.

उपासाचं विचारलंय तुम्ही. चांगला आहे, पण आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मटण सोडून पनीरवर ताव मारणारे मी पाहिलेत, त्यात मीही होते. तुम्हाला झेपेल असं सांगते. शुक्रवारी दुपारी एकपर्यंत न खाता राहा, पाणी प्या, आणि पोटात पहिल्यांदा कालवलं की तेव्हाच ते एक वाक्य बोला. पोटातली भूक आत्म्याच्या भुकेला हाक मारते, हा माझा अनुभव. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल, पोटुशी असाल किंवा बाळाला पाजत असाल तर हे करायचं नाही, त्याऐवजी त्या दिवशी मोबाइलचा डेटा बंद ठेवा. खरं तर तो जास्त अवघड उपास आहे.

हे सगळं करून महिन्यात फरक पडेल का? सांगता येत नाही. माझी आई गेली त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी गुरुवारची सभा चालवली आणि आत काही नव्हतं. दगड. दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायचे, लोक बरे व्हायचे, मला सांगायला यायचे, आणि मी हसून चहा टाकायचे. शेवटी मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. "मग मी येते सोमवारी, दोघी बसू" एवढंच म्हणाल्या. आल्या, एक स्तोत्र वाचलं, पाच मिनिटं गप्प बसल्या, पोहे खाल्ले, गेल्या. वर्षभर आल्या. कधी बदललं ते मला दाखवता येणार नाही. एका सोमवारी त्या आल्या नाहीत आणि मी एकटीच बसले, उठावंसं वाटेना, तेव्हा लक्षात आलं.

आमच्या मंडळीत एक वडील आहेत, तासगावकडे त्यांची द्राक्षबाग आहे. योहानाच्या १५ व्या अध्यायात पिता फांद्या छाटतो असं आहे ना, त्यावर ते नेहमी म्हणतात, "तिकडं एकदा छाटत असतील, आम्ही दोनदा छाटतो." एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. बाग नुसती खुंट दिसते. मग उन्हाळ्यात नव्या काड्या फुटतात, पण घड एकही नाही, सगळा पालाच. मात्र त्याच दिवसांत, साधारण दीड-दोन महिन्यांत, काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत ठरत असतो. बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर येतो. त्या आतल्या दिवसांत पाल्याची गर्दी झाली, डोळ्याला ऊन मिळालं नाही, तर नंतर कितीही औषधं मारा, घड कमीच. म्हणून ते त्या काळात विरळणी करतात, काडीवर ऊन पडू देतात, आणि फळाचा विचारच करत नाहीत. तुमचा सध्याचा काळ मला त्या मे-जूनसारखा वाटतो. मी चुकत असेन, पण ती वही, तो शुक्रवार, म्यूट केलेले ग्रुप, हे सगळं काडीवर ऊन पडू देण्यापुरतंच आहे. घड धरणं तुमच्या हातात नाही.

राहिलं गायनमंडळ. सोडू नका. रात्री ३ वाजता त्या मुलीला पाजताना माझ्या मनात माया वगैरे काही नव्हती. झोप अनावर होत होती, पाय सुजले होते, मीही सारखी घड्याळच बघत होते. पण ते ढोंग नव्हतं, कारण दूध खरं होतं आणि मुलीच्या पोटात जात होतं. तुमचं गाणंही खरं आहे, मागच्या बाकावर कुणाच्या तरी पोटात जातंच. ढोंग कधी होईल, तर उपासनेनंतर कुणी विचारल्यावर "आज प्रभूनं फार स्पर्श केला" असं तुम्ही म्हणालात तर. ते म्हणू नका. "गाणं बरं झालं" म्हणा आणि चहाला चला. मंडळातली एखादी बाई अशी असेल जिच्या तोंडून गोष्ट बाहेर जात नाही, तिला मात्र खरं सांगा आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तिच्याबरोबर बसा. पोहे करायचेच असं नाही.

सोमवारपासून सुरू करा. आणि हिमोग्लोबिन, टीएसएचचे रिपोर्ट आले की इथंच लिहा.